दवाखान्यापुढची मोकळी जागा

परभणीच्या शेतकी कॉलेजात आमच्या वर्गात मुली दोनच होत्या. एक मी, सरोजिनी, तुळजापूरच्या शाळामास्तरांची मुलगी. दुसरी गिरिजा, माकणीची. माकणी हे तेरणेच्या काठचं गाव. घरात कानडी, शेजारी मराठी आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ, असं तिकडचं बोलणं.

ती वसतिगृहात आली त्या दिवशी तिच्या मागून एक उंच, सावळा माणूस डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन आला. त्यानं ट्रंक दारात उतरवली, आत पाऊल न टाकता मला हात जोडले आणि म्हणाला, "बाई, हिला सकाळी उठल्या उठल्या चहा लागतो. न्हाय मिळाला तर डोकं धरून बसती, पर सांगायची न्हाय कुणाला. तेवढं बघा."

गिरिजाचं तोंड लाल झालं. "हे आमचे..." एवढंच ती म्हणाली. तो तिचा नवरा होता, ईरण्णा.

गिरिजाचं माहेर मुरूमचं. ईरण्णा तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. लग्न झालं तेव्हा ती मॅट्रिकच्या वर्गात होती. निकाल आला तेव्हा सासरी अंगण सारवत होती आणि तिचे हात शेणानं भरलेले होते. गावच्या ग्रामसेवकानं निकाल वाचून दाखवला, तसा ईरण्णा गोठ्यातून बाहेर आला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा, "ह्याच्या म्होरं काय असतंय?"

ह्या प्रश्नामागं त्याची स्वतःची गोष्ट होती, ती पुढं त्यानंच मला सांगितली. निजामाच्या वेळी तो चार यत्ता शिकला, त्या उर्दूत. मग रझाकारांचा धुमाकूळ झाला, शाळा बंद पडली, पोलीस ॲक्शन झाली, संस्थान विलीन झालं. शाळा पुन्हा उघडली तेव्हा फळ्यावरची अक्षरं बदललेली होती.

"मला अलिफ-बे येती," तो हसत म्हणाला. "आता त्यात कोण काय लिहितंय? पुन्हा पहिलीत बसायचं तर पोरांत म्या लई थोराड दिसत हुतो. लाज वाटली. न्हाय गेलो." सही मात्र तो शेवटपर्यंत उर्दूतच करी.

ग्रामसेवकाकडून त्याला परभणीच्या कॉलेजची बातमी लागली. त्याच्या आईला, चन्नम्माला, हे अजिबात पटलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. "शेतकी शिकायला परभणीला कशाला जायाला पायजे? आपल्या रानात खुरपं हाय की." पण ईरण्णानं ऐकलं नाही. येडशीपर्यंत एसटी, तिथून छोट्या रुळांच्या रेल्वेनं लातूर आणि पुढं पुन्हा एसटी, असा तो बायकोला घेऊन आला होता.

पहिली दोन वर्षं गिरिजा जमिनीच्या, बियाण्याच्या विषयांत बरी असायची. तिचं घोडं अडायचं ते चित्रकलेच्या तासाला. तिची रेघ सरळ येतच नसे. पट्टी धरली तरी शाई पट्टीखाली पसरायची. मग ती कागद बाजूला ठेवून वसतिगृहाच्या अंगणात बसायची आणि रांगोळीनं तोच नकाशा चांगला खाटेएवढा काढायची. जमिनीवर तिचा हात अजिबात चुकत नसे. तिथून पाहून मग ती कागदावर उतरवायची.

तिसऱ्या वर्षी कळंबकर सर आम्हाला उद्यानरचना शिकवायला आले. जमिनीचा उतार कसा वाचायचा, पाणी कुठून कुठं न्यायचं, कुठल्या झाडाची सावली कुठल्या ऋतूत किती लांब पडते, माणूस फाटकातून आत आल्यावर कुठं थबकतो आणि कुठं वळतो, असं ते शिकवत. हैदराबादच्या जुन्या बागांची चित्रं दाखवत. वर्गातली मुलं मागच्या बाकावर हसायची. ज्यांना दाणा नाही, फळ नाही असली झाडं आमच्या मराठवाड्यात कोण लावणार, असं त्यांचं म्हणणं.

गिरिजा मात्र त्या विषयानं झपाटली. विहिरीवर पाण्याला गेलो की ती मध्येच उभी राहायची. "सरू, हा रस्ता उलट्या बाजूनं न्यायला पायजे हुता. म्हणून इथं चिखल हुतोय बघ." बसस्टँडवर गेलो की झाडं मोजायची. मी बुंदीचा लाडू घेऊन द्यायची तेव्हा कुठं तिचं लक्ष माझ्याकडं यायचं.

त्या वर्षी कॉलेज उघडलं तेव्हा तिला दिवस गेलेले होते. दिवाळीच्या सुट्टीत ती माकणीला गेली ती बाळंतपणालाच. मुलगी झाली. मी एकटीच परत आले. वर्गात आता एकच मुलगी उरली असं सगळ्यांनी धरलं. खरं सांगायचं तर मीही तसंच धरलं होतं. तिची खाट रिकामी होती आणि मी तिच्यावर माझी पुस्तकं मांडून टाकली होती.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी वसतिगृहाच्या फाटकावर मला कुणीतरी भेटायला आलंय असा निरोप आला. जाऊन पाहते तर गिरिजा. शेजारी हिरवं इरकल नेसलेली, कपाळाला विभूती लावलेली एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, तिच्या काखेत गुंडाळलेलं लेकरू. आणि मागं ईरण्णा. ह्या वेळी त्याच्या डोक्यावर दगडी जातं होतं.

"आमची अत्ती," गिरिजा म्हणाली. कानडीत आत्यालाही अत्ती आणि सासूलाही अत्तीच म्हणतात. चन्नम्मा तिची दोन्ही होती.

मी जात्याकडं पाहतच राहिले. ईरण्णा म्हणाला, "आईला गिरणीचं पीठ चालत न्हाय. येडशीला गाडीत हमाल म्हणला, हे वजन हाय का प्यासिंजर?"

कॉलेजजवळ त्यांनी एक खोली घेतली. तिथं चन्नम्मा बाळाला घेऊन राहणार आणि गिरिजा शिकणार, असं ठरलं होतं. आणि हे ठरवलं होतं चन्नम्मानंच. मला फार नवल वाटलं. मी एकदा तिला विचारलंसुद्धा, "अत्ती, तुम्हाला तर हिचं शिकणं आवडत नव्हतं ना?"

"आजून बी आवडत न्हाय," ती बाळाच्या अंगाला तेल चोळत म्हणाली. "पर अर्ध्यात सोडलेलं तर त्याहून आवडत न्हाय. माझ्या ईरण्णाची शाळा अर्ध्यात गेली, तवा म्या गप बसले हुते. आन ही पोर बघ. माझ्या भावाच्या लेकीची, माझ्या लेकाची. दोन्हीकडनं माझीच. मग म्या न्हाय सांभाळायची तर कुणी?"

बाळाचं नाव सिद्धम्मा, चन्नम्माच्या आईचं. आम्ही तिला सिदू म्हणायचो. मधल्या सुट्टीत अत्ती तिला घेऊन फाटकाजवळच्या चिंचेखाली यायची. गिरिजा धावत जायची, पाजायची आणि घंटा झाली की तशीच धावत वर्गात यायची. मुलं आधी हसली. मग हळूहळू त्यातलीच काही चिंचेखाली जाऊन सिदूला खेळवू लागली. सिदूच्या कानावर कानडी अत्तीकडून पडायची आणि साऱ्या मराठवाड्याची मराठी ह्या मुलांकडून.

शेवटच्या वर्षासाठी उद्यानरचना घेणाऱ्याला एका खऱ्या जागेचा आराखडा करावा लागे. कळंबकर सरांनी गिरिजाला धाराशिवच्या सरकारी दवाखान्यापुढची मोकळी जागा सुचवली. तिथले मोठे डॉक्टर सरांच्या ओळखीचे होते. ह्या जागेचं काहीतरी करा, असं ते सरांना बरेच दिवस म्हणत होते. धाराशिवला माझी मावशी राहायची. तिच्या परसातली खोली मोकळी होती. म्हणून बासष्टच्या उन्हाळ्यात आम्ही चौघी तिथं गेलो. गिरिजा मोजमाप करणार, मी टेपचं दुसरं टोक धरणार, अत्ती बाळ सांभाळणार.

जागा म्हणजे नुसतं मुरमाड मैदान. एका बाजूला दगडी भिंत, एका बाजूला हापसा, मधे एक वठलेली बाभूळ. कळंब, भूम, परंड्याकडून येणारी माणसं तिथंच दिवस काढायची. आत रोगी, बाहेर त्याचं सगळं घर. गाठोडी, पितळी डबे, तीन दगडांच्या चुली. आम्ही खुंट्या ठोकून दोरी लावली की कुणीतरी तिच्यावर लुगडं वाळत घालायचं. गिरिजा वैतागायची.

"अवो, दोरीला हात लावू नगा. माप चुकतंय!"

"कशाचं माप हाय बाई?"

"इथं बाग व्हणार हाय."

"बरं बरं," म्हणून ती बाई लुगडं उचलायची आणि पलीकडच्या खुंटीवर टाकायची.

आठवडाभरात तिनं पहिला आराखडा उभा केला. मधोमध गोल कारंजं, चार दिशांना चार सरळ रस्ते, गुलाबाचे ताटवे, कडेनं क्रोटन, आणि सगळीकडं हिरवळ. तिची रेघ पहिल्यांदाच इतकी सरळ आली होती. मला तो फार आवडला. मावशीनं तर तो भिंतीला लावून शेजारच्या बायकांना बोलावून दाखवला.

त्यानंतर सिदू आजारी पडली. ऊन फार होतं. आदल्या दिवशी थोडी किरकिर होती, सकाळी उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दुपारपर्यंत पोर मान टाकू लागली. टाळू खोल गेली. अत्तीनं तिला पदरात गुंडाळलं आणि चप्पल न घालता चालू लागली. आम्ही मागं. ज्या फाटकातून रोज टेप घेऊन जायचो त्याच फाटकातून आम्ही आत धावलो.

डॉक्टरांनी ताबडतोब सलाइन लावलं. बारीक मनगटात शीर सापडेना, तेव्हा गिरिजा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मी तिचा हात धरला होता.

ते दिवस तिनं मैदानातच काढले. रोग्यापाशी एकालाच थांबता यायचं. बहुतेक वेळ अत्ती आत थांबायची, कारण सिदू तिच्याच मांडीवर शांत असायची. गिरिजा मधूनमधून पोरीला पाहायला आत जायची, डॉक्टर तपासायला आले की बाहेर यायची. दोन दिवस बाळाला अंगावर पाजायला बंदी होती. तिच्या अंगाला दूध दाटलं, चोळी भिजली, ताप चढला. दूध पिळून टाकायला आडोसा कुठंच नव्हता. शेवटी ती भिंतीच्या कोपऱ्यात तोंड करून बसली आणि मी आणि कळंबकडची एक बाई आमच्या लुगड्यांचे पदर धरून तिच्यामागं उभ्या राहिलो. त्या बाईचा नवरा आत होता, पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी. तिनं आपलं गाठोडं सरकवून गिरिजाला टेकायला दिलं.

सकाळी भिंतीची सावली लांबलचक असायची, तेव्हा सगळे तिच्यात. ऊन वर आलं की सावली आखडत यायची आणि माणसं गाठोड्यांसकट सरकत सरकत भिंतीला चिकटायची. मग पाय आखडून घ्यायची. भर दुपारी सावली पायाखाली जायची, तेव्हा म्हातारी माणसं तोंडावर धोतराचं टोक घेऊन पडून राहायची. कलतं ऊन झालं की सगळा लवाजमा उठून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, इमारतीच्या सावलीला. रोज हेच. गिरिजाही त्यांच्याबरोबर सरकत होती.

ईरण्णाला निरोप गेला. तो लोहाऱ्यापर्यंत सायकलवर आला आणि तिथून एसटीनं, सायकल टपावर टाकून. आधी आत जाऊन लेकीला पाहून आला. मग बायकोकडं पाहिलं, तिच्यावरचं ऊन पाहिलं, आणि त्यानं खांद्यावरचं जाड, पांघरायचं चवाळं काढलं, सायकल मैदानाच्या मधोमध, आमच्या खुंट्यांपाशी उभी केली आणि चवाळ्याची दोन टोकं सायकलीला, दोन त्या खुंट्यांना बांधू लागला.

"अवो, ती खुंटी मापाची हाय," गिरिजा म्हणाली.

"मग? मापाची खुंटी सावलीला लागली तर मोडती का?"

त्या चवाळ्याखाली ती आडवी झाली, कळंबची बाईही तिथंच आली, मग आणखी दोघी. ईरण्णा बाहेर उन्हात उकिडवा बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी सिदूनं डोळे उघडून अत्तीच्या गळ्यातली इष्टलिंगाची डबी पकडली आणि तोंडात घातली. अत्तीनं ती काढून घेतली नाही. डॉक्टर म्हणाले, "आता पाजा." गिरिजानं पोरीला जवळ घेतलं आणि जी रडायला लागली ती थांबेना.

अत्ती घाबरली. "याक अळ्ती? का रडती गं? पोर बरी हाय की आता."

"त्यासाठी न्हाय अत्ती," गिरिजा हुंदके देत म्हणाली. "आमी बसलो हुतो ना, चवाळ्याखाली? बरोब्बर तिथंच म्या कारंजं काढलं हुतं."

अत्तीला काहीच कळलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मलाही तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

सिदूला घरी आणल्यावर गिरिजानं भिंतीवरचा आराखडा काढला. मला वाटलं फाडते की काय. पण जाड कागद सहज मिळत नसे. तिनं तो उलटला आणि मागची कोरी बाजू वर करून टाचण्यांनी फळीला टोचला. मग आम्ही पुन्हा मैदानात गेलो. ह्या वेळी तिनं टेप आधी काढलाच नाही. सकाळपासून ती माणसांजवळ बसली. सावली सरकली की तिच्या कडेनं चुन्याची रेघ मारायची, पुन्हा बसायची. संध्याकाळपर्यंत मैदानावर रेघांची मोठी जाळी झाली. फाटकातून येणारं माणूस सरळ रस्त्यानं न जाता तिरकं, इंजेक्शनच्या खोलीकडं जातं, हेही तिनं चुन्यानं आखलं. लोकांना मजा वाटू लागली. "बाई, काल आमी हितं बसलो हुतो, हितं बी वढा रेघ," असं सांगू लागले.

नवा आराखडा दिसायला अगदी साधा होता. तिरका रस्ता तिरकाच ठेवलेला. पश्चिमेला आणि दक्षिणेला कडुलिंब आणि करंज, म्हणजे कलत्या उन्हाला सावली नेमकी जिथं माणसं असतात तिथं पडावी. झाडांभोवती बसायला रुंद कट्टे. वारा इमारतीकडून बाहेर जातो त्या बाजूला चुलींची जागा. हापशाचं वाया जाणारं पाणी दगडी पन्हळीतून झाडांच्या बुडाशी. आणि एका कोपऱ्यात अडुळशाचं दाट वळसेदार कुंपण, आत जायला अरुंद वाट, आत दोन कट्टे.

"हे काय?" मी विचारलं.

"लेकुरवाळ्या बायांसाठी."

"फुलं कुठंच नाहीत गं. गुलाब राहू दे, एखादं तरी फुलझाड?"

तिनं थोडा विचार केला आणि अडुळशाच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक गोल काढला. "जाई लावू. वास येईल."

तोंडी परीक्षेला पुण्याहून एक वयस्कर परीक्षक आले होते. बाकीच्यांच्या आराखड्यांत कारंजी होती, पूल होते, एकात तर हरणांसाठी कुरण होतं. गिरिजाचा कागद त्यांनी बराच वेळ पाहिला.

"बाई, ही बाग आहे की धर्मशाळा?"

खिडकीबाहेर उभी राहून मी ऐकत होते. गिरिजानं कागदावरच्या कट्ट्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "सर, इथं येणारं माणूस बाग बघायला येत नाही. त्याला बसायला लागतं. बसल्यावर त्याला जे दिसेल, ते बागेसारखं असावं. तेवढंच मी केलंय."

मग त्यांनी तिला बरंच खोदून विचारलं. करंजात अंतर किती, मुळं कट्टे फोडतील का, पहिले दोन उन्हाळे पाणी कसं पुरेल. तिनं उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, "शेळ्यांचं काय? माणसाला मोकळी वाट ठेवलीत म्हणजे शेळीलाही ठेवलीत."

"ते मला अजून उमगलं नाही, सर."

परीक्षक मोठ्यानं हसले. कळंबकर सर मात्र हसले नाहीत. नंतर व्हरांड्यात ते तिला म्हणाले, "रेघ अजून वाकडीच आहे तुझी." आणि मग, चष्मा पुसत, "पण जागा बरोबर धरलीस."

ती दुसऱ्या वर्गात पास झाली. निकालाच्या दिवशी मी माकणीला गेले होते. ईरण्णानं सगळ्या आळीत शेंगदाणे आणि गूळ वाटला. वाटून आल्यावर बायकोसमोर उभा राहिला. "आता तुला काय म्हणायचं?"

"गिरजाच म्हणा," ती म्हणाली. अत्तीनं पदराआड तोंड लपवलं, पण हसण्यानं तिचे खांदे हलत होते.

धाराशिवला शेतकी खात्याच्या रोपवाटिकेत तिला नोकरी मिळाली. अत्ती आणि सिदू तिच्याबरोबर आल्या. ईरण्णा माकणीत शेत करायचा आणि आठवड्याच्या बाजाराला येऊन जायचा. पुढं सिदूला तो बाराखडी गिरवताना पाहायचा आणि हळूच शेजारी बसून तीच अक्षरं बोटानं जमिनीवर काढायचा. एक दिवस सिदूनं त्याची चूक काढली. त्यानं कान पकडले आणि पुन्हा काढलं.

आराखडा मात्र तसाच पडून होता. सरांच्या ओळखीच्या डॉक्टरांची बदली झाली होती. नव्यांना गिरिजा दोन-तीनदा भेटली. शेवटी झाडं आणि कट्टे एवढ्याला होकार मिळाला. पन्हळ नाही, चुलींची जागा नाही. अडुळशाला मात्र कुणी हरकत घेतली नाही, कारण तो औषधी. पासष्टच्या पावसाळ्यात एका शाळेच्या मुलींनी येऊन रोपं लावली. त्या साली पाऊस दगा देऊन गेला. दोन करंज शेळ्यांनी खाल्ले, एक लिंब वाळला.

उरलेली झाडं जगली ती अत्तीमुळं. ती रोज सकाळी सिदूला बालवाडीत सोडून दवाखान्यापुढं जाऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर हुकूम सोडायची. "हात धुतलास का? मग तिकडं धू, झाडात. डबा विसळायचाय? झाडात वत." तिची मराठी परक्या माणसाला पहिल्या झटक्यात कळत नसे, पण तिचं बोट कळायचं. लोकांना वाटायचं ही दवाखान्यातलीच कुणी आहे. एकदा एका माणसानं तिला औषधाची चिठ्ठी दाखवून विचारलं, ही गोळी कधी घ्यायची. तिनं सांगितलं, "आधी झाडाला पाणी घाल, मग तिकडं विचार."

मी लग्न होऊन लातूरला गेले होते, तिथल्या शाळेत शिकवत होते. अडुसष्टच्या उन्हाळ्यात मावशीकडं आले तेव्हा गिरिजाला भेटायला दवाखान्यापुढंच गेले, कारण रजेच्या दिवशी ती तिथंच सापडते असं मावशी म्हणाली होती. करंज माझ्या डोक्याच्या वर गेले होते. कट्टे भरलेले होते. अडुळशाच्या आतून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

गिरिजा मात्र एका लिंबापुढं चिंतेत उभी होती. त्याची एक फांदी बुंध्यापाशी चिरली होती. बायका लुगड्याची झोळी करून दोन झाडांना बांधायच्या आणि लेकरू आत निजवायच्या. झाडं अजून कोवळी होती, वजनानं वाकत होती. दवाखान्याचा शिपाई ओरडून ओरडून थकला होता. "बाई, एक पाटी लावून टाका," तो तिला म्हणाला. "झोळी बांधणाऱ्याला हाकलून देण्यात येईल, असं लिहा."

समोर एक परंड्याकडची पोरसवदा आई शिपायाच्या धाकानं झोळी सोडत होती. लेकरू झोपेतून जागं होऊन रडायला लागलं. गिरिजानं पुढं होऊन ते घेतलं, खांद्यावर टाकलं आणि त्याला थोपटत त्या दोन झाडांमधलं अंतर पावलांनी मोजू लागली.

पुढच्या बाजारी मी अजून मावशीकडंच होते. ईरण्णा आला तो एसटीच्या टपावर बाभळीचे सोललेले खांब टाकून. कंडक्टरशी त्याचं वाटेत जोरदार भांडण झालं होतं आणि तो अजून त्याच तावात होता. झाडांच्या सावलीत, पण झाडांपासून हातभर दूर, त्यानं खड्डे घेतले. गिरिजा ओळंबा धरून उभी राहिली. सिदू आता शाळेत जाणारी, दोन वेण्या घातलेली. ती खड्ड्यात दगड टाकत होती. अत्ती कट्ट्यावरून सूचना करत होती, त्यातली एकही कुणी ऐकत नव्हतं.

पहिले दोन खांब ठोकून झाले. वर लोखंडी कड्या बसवल्या. बायका लांबून पाहत होत्या. ती परंड्याकडची पोर पुढं आली, लुगड्याचं टोक हातात घेऊन घुटमळली.

"बाई, हितं बांधलं तर कुणी रागावंल का?"

गिरिजानं पदर खोचला, दोन्ही हातांनी वरची कडी धरली आणि पाय उचलून सगळा भार टाकून लोंबकळली. नोकरीवरची बाई, केसांत करंजाची पानं अडकलेली, हवेत झुलत होती. सिदू खिदळली. अत्ती कानडीत काहीतरी ओरडली. खांब जागचा हलला नाही.

"बांधा," ती खाली उतरून म्हणाली.

त्या पोरीनं झोळी बांधली, लेकरू आत ठेवलं आणि एक हलका झोका दिला. ईरण्णानं कपाळावरचा घाम पुसला, पहार उचलली आणि तिसऱ्या खांबासाठी खड्डा घ्यायला लागला.